क्लाइव्हचा कान

आमच्या क्रॅडली हीथमध्ये, इंग्लंडातल्या या लोखंडाच्या गावात, माणसाची ओळख घराण्यावरून सांगत नाहीत, तो कारखान्यातल्या कोणत्या घणावर, म्हणजे लोखंड ठोकणाऱ्या कोणत्या अजस्र यंत्रावर आहे, यावरून सांगतात. क्लाइव्ह ट्रोमन्स तीन नंबरच्या घणावर होता, तरी त्याला घणावरून कुणी ओळखत नसे. त्याला ओळखायचे कानावरून. 'क्लाइव्हचा कान' म्हटलं की 'थ्री लिंक्स' पबमध्ये बसलेला कुणीही मान डोलवायचा, आणि समोरचा नवखा असेल तर त्याला किल्लीची गोष्ट ऐकवल्याशिवाय सोडायचा नाही.

गोष्ट अशी. सिंडर लेन हा आमच्याच गावच्या चार पोरांचा बँड. एकोणीसशे एकाहत्तर साली त्यांची 'शेड नंबर नाइन' ही तबकडी निघाली. असल्या दणदणाटी संगीताला हेवी मेटल म्हणतात, पण हा शब्द तेव्हा धड कुणाच्या तोंडात बसला नव्हता. आमची माणसं म्हणायची, हा तर आपल्या कारखान्याचाच आवाज, फक्त याला टाळ्या पडतात. तर या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला शेवटच्या गाण्याचा शेवटचा सूर लांबत लांबत विझतो, सगळं शांत होतं, आता सुई उचलावी म्हणून माणूस उठतो, आणि तेवढ्यात एक बारीक आवाज येतो. छन्. गिटारवाल्याच्या खिशातून त्याच्या घराची किल्ली फरशीवर पडली होती, आणि त्यांनी ती तशीच राहू दिली. बाहेरच्याला हा गबाळेपणा वाटेल. आमच्या लोकांनी त्याचा अर्थ लावला की एवढा धिंगाणा घालून पोरगं शेवटी घरी आलं.

तेव्हापासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दुपारी बारा वाजता थ्री लिंक्सच्या मागच्या खोलीत ती तबकडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत लागते. घणावरची सात-आठ मंडळी मोठ्या टेबलाभोवती, बाकीचे भिंतीला टेकून, बायका काउंटरपाशी. समोर गडद बिअर आणि डुकराच्या कातडीचे खारवलेले कुरकुरीत तुकडे. प्रत्येक गाण्यानंतर मतं. शेवटचं गाणं लागलं की मात्र जो तो आपल्या घराची किल्ली मुठीत धरून बसतो, आणि 'छन्' झालं की सगळ्यांच्या किल्ल्या टेबलावर पडतात. सगळ्यांच्या आधी पडायची ती क्लाइव्हची. सोळा वर्षांत एकदाही चुकली नाही. डोळे मिटून बसायचा पठ्ठ्या, आणि बरोबर त्या क्षणाला मूठ उघडायची.

मतांचं म्हणाल तर त्या तबकडीवर आमच्या गावात जेवढी भांडणं झाली तेवढी निवडणुकीवर झाली नाहीत. क्लाइव्हचं मत असं की चौथं गाणं तिथे नकोच होतं. रडकं गाणं, पोरी पटवायला घातलेलं. त्याचा जोडीदार नेव्ह रेबोल्ड याने स्वतःच्या लग्नात तेच गाणं लावलं होतं, त्यामुळे हा विषय निघाला की दोघं तासन् तास हुज्जत घालत. नेव्ह म्हणायचा, तुला प्रेम कळत नाही. क्लाइव्ह म्हणायचा, तुझं लग्न बघून तर मुळीच नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दोघं त्याच घणापाशी, एक घण चालवणारा, एक तापलेलं लोखंड धरणारा, तेवीस वर्षं.

क्लाइव्ह पंधराव्या वर्षी तिथे लागला. त्याचा बाप ईनॉक साखळ्या घडवायचा, जहाजांच्या, माणसाच्या मांडीएवढ्या जाड कड्यांच्या. चाळिशीतच ठार बहिरा झालेला. घरात ओरडूनच बोलायचा, आणि आई त्याच्या दंडावर बोट टोचून मग तोंड उघडायची. शेजारीपाजारी नकला करायचे, आणि खोटं कशाला बोलू, क्लाइव्हसुद्धा करायचा. मग सहासष्टच्या हिवाळ्यात कोळशाची लॉरी गल्लीतून मागे येत होती. लॉरीवाला भोंगा वाजवत होता, अख्खी गल्ली ओरडत होती, आणि ईनॉक पाठमोरा उभा राहून पाइप पेटवत होता. क्लाइव्ह सतरा वर्षांचा होता. तो पलीकडच्या फुटपाथवरून ओरडत होता.

त्यानंतर त्याने बहिरेपणाची नक्कल कधी केली नाही. कानात कापूस कोंबून कामावर जायचा. पोरं हसली तरी कोंबायचा. बाप गेल्यावर घरात जी शांतता आली ती त्याला सोसेना, म्हणून एकाहत्तर साली साठवलेल्या पैशांतून रेकॉर्ड प्लेअर आणि ही तबकडी घेतली. पहिल्यांदा ती किल्ली ऐकली तेव्हा ताडकन उठून त्याने दाराकडे पाहिलं होतं. बायकोला, ग्लेनिसला, त्याने ही गोष्ट एकदाच सांगितली. म्हणाला, मला वाटलं म्हातारा आला.

आता सत्त्याऐंशी सालचं सांगते. मार्चमध्ये 'शेड नंबर नाइन' सीडीवर निघाली. क्लाइव्हची मुलगी लॉरेन सतरा वर्षांची, नुकतीच औषधांच्या दुकानात लागलेली. तिने पहिल्या तीन महिन्यांचा पगार साठवून बापाला सीडीचं यंत्र आणि ती सीडी आणली. रविवारी दुपारी, भाजलेलं मांस ओव्हनमध्ये असताना, बाप खुर्चीत बसला, डोळे मिटले. सगळी गाणी झाली. शेवटचा सूर विझला. क्लाइव्ह बसून राहिला. यंत्र आपोआप थांबलं, तरी बसून राहिला. मग डोळे उघडून म्हणाला, "किल्ली काढली यांनी."

लॉरेन काहीतरी बोलायला गेली, पण हा आता ऐकतोय थोडाच. लंडनचे सुटाबुटातले लोक, त्यांना काय किल्लीची किंमत, साफसफाई करायला निघाले आणि घर धुऊन नेलं. पोरीचे पैसे फुकट गेले म्हणाला. तिच्या तोंडावर म्हणाला. पोरीचे डोळे भरले तेही याला दिसलं नाही, इतका पेटला होता.

त्याच संध्याकाळी त्याने डिलिस अॅटवुडला पत्र लिहिलं. ही डिलिस शेजारच्या गावात ग्रंथपाल, चष्मा, विणलेला कोट, बघून वाटेल चर्चच्या भजनाला निघाली आहे. पण तीन महिन्यांतून एकदा 'नववी शेड' नावाचं सोळा पानी पत्रक ती एकटी टाइप करायची, त्यात देशभरातल्या चाहत्यांची या एकाच तबकडीबद्दलची मतं. पत्रकाचा एक नियम होता. मताखाली नाव, गाव आणि पोटाचा धंदा लिहायचाच. बँडचा गिटारवाला कधीतरी बोलून गेला होता की मत काय ते नंतर सांगा, आधी सांगा तुमचे हात कशाने काळे होतात. डिलिसने ते धरून ठेवलं. धंदा लिहिला नाही तर पत्र परत.

क्लाइव्हने लिहिलं, आमची किल्ली चोरली. खाली नाव, गाव, आणि 'घणावर, तेवीस वर्षं'.

ऑगस्टच्या अंकात उत्तरं आली. एवढी, की डिलिसला आठ पानं जास्त घालावी लागली. एका विधवेने लिहिलं होतं, दुसरी बाजू लावली की माझं मांजर फडताळाखाली जातं, पण किल्ली पडली की बाहेर येतं, सीडीवरही आलं. कुणी लिहिलं, तिसऱ्या गाण्यात ड्रमवाला चुकतो तेच खरं सौंदर्य. कुणी लिहिलं, ड्रमवाला चुकतच नाही, बाकीचे तिघे चुकतात. पण सगळ्यांची मुख्य भानगड किल्लीचीच. काही म्हणत, ट्रोमन्ससाहेब बरोबर आहेत, किल्ली गेली, चोरांनो परत द्या. काही म्हणत, हे काय वेड, सीडीवर किल्ली पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू येते.

क्लाइव्ह खूश. लाल पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला, कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे आपले, उजवीकडे मूर्ख. ग्लेनिस वाटाणे शिजवत होती. तो एकेक नाव मोठ्याने वाचत लिहीत होता. आपली बाजू जिंकली असं त्याला दिसत होतं, सतरा विरुद्ध चौदा. मग डिलिसचा नियम आहे म्हणून त्याने नावापुढे धंदेही उतरवायला घेतले.

डावीकडे: साखळी घडवणारा. जहाजांचे नांगर घडवणारा. बॉयलर ठोकणारा. शेफिल्डचा कानशी घडवणारा. क्लाइडबँकच्या गोदीतला रिव्हेट मारणारा. जर्मनीतून एकाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलेलं, पोलादाच्या कारखान्यात. साखळी तपासणारा. हल शहरातला एक जण, ड्रम वाजवतो.

उजवीकडे: शाळामास्तर. नर्स. पोस्टमन. पियानो जुळवणारा. घणाच्या कारखान्यातलाच एक, पण ऑफिसात कारकून. शाळकरी मुलगी. ती मांजरवाली विधवा.

वाचणं थांबलं. ग्लेनिसने विचारलं, पुढे? त्याने डावीकडे एक मास्तर मिळतो का, एक दर्जी, एक भाजीवाला, म्हणून बोट वरून खाली फिरवलं. परत फिरवलं. मग पत्रक उलट करून ठेवलं आणि हात धुवायला उठला, जरी हात स्वच्छच होते. 

दुसऱ्या दिवशी ग्लेनिस बाहेर गेल्यावर त्याने जुनी तबकडी काढली, एकाहत्तरची, कोपरे झिजलेली. लॉरेनला बोलावलं. म्हणाला, किल्ली वाजली की हात वर कर, मला एक बघायचंय. पोरगी दाराशी उभी राहिली. शेवटचा सूर विझू लागला आणि क्लाइव्हच्या लक्षात आलं की आपण मनात मोजतोय. एक, दोन, तीन. किती वर्षं मोजतोय कोण जाणे. अकरा म्हटलं, आणि लॉरेनचा हात वर गेला.

त्याच्या कानात फक्त सुईची खरखर होती. तीसुद्धा होती की आठवत होती, सांगता येईना.

"बरोबर?" लॉरेनने विचारलं.

"बरोबर," तो म्हणाला. "तुझीच परीक्षा घेत होतो."

पोरीने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि गेली.

मग माणूस भ्यायला लागला की कसा स्वतःच्याच हात धुऊन मागे लागतो बघा. किटलीची शिट्टी? वाफ दिसत होती, शिट्टी नव्हती. घड्याळाची टिकटिक नव्हती. माणसांचं बोलणं यायचं, बारीक आवाज तेवढे गेले होते. खिडकीतल्या पिंजऱ्यात पर्सी नावाचा पोपटासारखा चिमुकला पक्षी होता. वर्षभर क्लाइव्ह म्हणायचा की पर्सी म्हातारा झाला, गात नाही. आता तो पिंजऱ्याजवळ गेला. पर्सीचा गळा फुगत होता, चोच उघडझाप करत होती, शेपटी थरथरत होती. पक्षी जिवाच्या आकांताने गात होता. क्लाइव्हने पिंजऱ्यावर फडकं टाकलं आणि तिथेच खाली बसला.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, कान गेले तर गेले, डॉक्टरकडे जावं. सांगणं सोपं आहे. तीन नंबरच्या घणावरून एक क्रेन जाते, छताच्या खाली रुळावर, पोटाला दीड टनाचा साचा लोंबकळत असतो. ती यायला लागली की वर एक घंटा वाजते, बारीक, किणकिणती. घंटा वाजली की घणापाशी उभ्या असलेल्यांनी पिवळ्या पट्ट्यामागे व्हायचं. ज्याला आधी ऐकू येईल त्याने दुसऱ्याच्या खांद्यावर थाप मारायची. लेखी नियम नाही, तेवीस वर्षांची सवय. आणि थाप मारायची ती नेहमी क्लाइव्हने. नेव्हची पाठ क्रेनकडे असायची. क्लाइव्हचा कान आहे म्हटल्यावर नेव्हने मागे वळून पाहायचं कारणच काय.

क्लाइव्ह आठवू लागला, गेल्या वर्षात आपण नेव्हला थाप कधी मारली, कशावरून मारली. सावलीवरून. जमिनीवर साच्याची सावली सरकत आली की मारली. उजेड असला की सावली पडते. ढगाळ दिवशी काय करत होतो, ते त्याला आठवेना. रात्री अंथरुणात तो याचाच विचार करायचा आणि ग्लेनिस विचारायची, तर म्हणायचा पित्त झालंय.

सांगायचं तर कुणाला? फोरमनला सांगितलं तर त्याच दिवशी घणावरून काढून झाडू हातात देतील, तेही कारखाना चालू राहिला तर. गावातले निम्मे कारखाने एव्हाना बंद पडले होते. आणि नेव्हला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? गड्या, तेवीस वर्षं तू ज्याच्या भरवशावर पाठ करून उभा आहेस तो कान केव्हाचाच गेलाय, आणि हे मला ऑगस्टपासून माहीत आहे? जीभ रेटेना. म्हणून तो गप्प राहिला आणि वर बघू लागला. लोखंड चिमट्यात, घण पडतोय, ठिणग्या उडताहेत, आणि याची नजर छताकडे. दोनदा मनगट भाजलं. चूक होती ती, मी तर म्हणेन पाप होतं. पण भित्रा माणूस वाईट नसतो, फक्त उद्यावर ढकलतो.

सप्टेंबरअखेरीस ढगाळ सकाळी ते झालंच. क्लाइव्ह भट्टीतून लोखंड काढायला वाकला होता. मान वर केली तर साचा नेव्हच्या डोक्यापासून दोन हातांवर, झोका घेत येत होता. थाप मारायला वेळ नव्हता. चिमटा टाकून त्याने नेव्हचा शर्ट धरून ओढलं. दोघं पिवळ्या पट्ट्यापलीकडे आपटले. तापलेलं लोखंड घरंगळत जाऊन पाण्याच्या टाकीशी थांबलं. साचा नेव्ह जिथे उभा होता तिथून संथपणे निघून गेला.

नेव्ह उठून बसला, फाटलेला शर्ट पाहिला आणि हसला. "नवा होता रे. आज जरा उशीर केलास तू."

क्लाइव्हने मान वर करून क्रेनकडे पाहिलं. त्याने विचारलं, "घंटा ऐकू नाही आली तुला?"

"मी कशाला ऐकू?" नेव्ह म्हणाला. "तू आहेस ना."

त्या दिवसापासून क्लाइव्हचं जेवण सुटलं. ग्लेनिसने त्याच्या आवडीचे मटणाचे मोठे गोळे रश्शात घालून केले, ते तसेच थंड झाले. स्वप्नात बाप यायचा, पाइप पेटवत पाठमोरा. क्लाइव्ह ओरडायचा आणि स्वतःचाच आवाज येत नसायचा.

आणि नोव्हेंबर आला. डिलिसने पत्रकात जाहीर केलं होतं की किल्लीचा निकाल यंदा थ्री लिंक्समध्येच लावू. ती स्वतः सीडी आणि यंत्र घेऊन येणार, सगळ्यांसमोर लावणार. किल्ली आहे की नाही, ज्यांना कळतं तेच सांगतील. ज्यांना कळतं म्हणजे कोण, हे वेगळं लिहायची गरज नव्हती.

क्लाइव्हने पोट दुखतं म्हणून पाहिलं, पण लॉरेनच म्हणाली, "चला बाबा, मीही येते." तीही आली आणि काउंटरपाशी डिलिसशेजारी उभी राहिली.

खोली गच्च भरली होती. टेबलाभोवती आठ जण, सगळे घणावरचे. नेव्ह अगदी समोर. गाणी सुरू झाली, मतं सुरू झाली. चौथ्या गाण्याला नेव्हने मुद्दाम डोळे पुसले, क्लाइव्हने शिवी द्यावी म्हणून. क्लाइव्हने दिली नाही. नेव्हने भुवया उडवल्या. 

त्याने ठरवलं होतं. अकरा मोजायचे आणि किल्ली टाकायची. किल्ली आहे म्हणायचं, सीडीवाल्यांची माफी मागायची, पोरीचीही मागायची, सगळे खूश. सोमवारपासून आणखी सावध राहायचं. सोपं होतं.

शेवटचं गाणं आलं. आठ मुठी टेबलावर आल्या. शेवटचा जाडा सूर छातीत धडधडला, तेवढा मात्र त्याला अजून जाणवायचा, आणि विझू लागला. एरवी तो डोळे मिटायचा. आज भीतीने उघडेच राहिले.

एक. दोन. तीन. चार.

त्याने समोर पाहिलं. नेव्ह यंत्राकडे बघत नव्हता. कान देऊन ऐकणारा माणूस कुठेतरी शून्यात बघतो. नेव्ह बघत होता क्लाइव्हच्या मुठीकडे. पाच. सहा. शेजारचा हॅडन हिंगली, चार नंबरवाला, तोही क्लाइव्हच्या मुठीकडे बघत होता. त्याच्या पलीकडचा, घणांना वाफ देणारा बॉयलरवाला. त्याच्या पलीकडचा. सात जण, चौदा डोळे, सगळे याच्या बोटांवर, कुत्रं माणसाच्या हातातल्या हाडाकडे बघतं तसे. सात. आठ.  सोळा वर्षं तो डोळे मिटून बसला होता, म्हणून हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

नऊ. दहा.

अकरा.

मूठ उघडायची होती, ती आवळली गेली. काउंटरपाशी लॉरेनची मूठ उघडलेली त्याला दिसली. तिची किल्ली काउंटरवर पडून दोनदा उडाली. डिलिसचीही पडली. त्याच्या कानी एकही आवाज आला नाही. टेबलावरच्या एकानेही मान वळवली नाही. सगळे अजून वाट बघत होते.

बारा, तेरा, वीस. यंत्रातला दिवा विझला. तेव्हा नेव्हने पुढे वाकून विचारलं, "काय रे, नाहीच ना किल्ली? काढलीच ना चोरांनी?"

"आहे," क्लाइव्ह म्हणाला. "केव्हाच पडली. पोरीने ऐकली. मला ऐकू येत नाही, नेव्ह. किल्ली नाही, किटली नाही, क्रेनची घंटाही नाही. मला ऑगस्टपासून माहीत आहे, आणि मी तुला सांगितलं नाही."

त्याला वाटलं नेव्ह उठून थोबाडीत मारेल. मारायलाच हवी होती. नेव्हचा चेहरा मात्र पांढरा पडला होता, भट्टीसमोर तेवीस वर्षं लाल राहिलेला चेहरा. त्याने आपली मूठ उघडली, किल्ली टेबलावर ठेवली, आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "मला तर पाच वर्षांपासून येत नाही. मला वाटलं, तू आहेस."

हॅडनने किल्ली खाली ठेवली. मग बॉयलरवाल्याने. एकेक करून सगळ्यांनी ठेवल्या, कुणी कुणाकडे न बघता. कोण चार वर्षं म्हणालं, कोण दहा. ग्लेनिसने तोंडावर हात ठेवला होता. डिलिस बिचारी सीडी डबीत घालत होती आणि डबी काही बंद होत नव्हती.

सोमवारी सकाळी आठही जण कामाला न लागता तीन नंबरच्या घणापाशी जमले. पलीकडच्या शेडमधले घण सुरू झाले होते, जमीन हादरत होती. नवा फोरमन ऑफिसातून धावत आला, हा काय तमाशा म्हणून. क्लाइव्हने सांगितलं, घंटेची परीक्षा घ्यायची आहे, त्याआधी कुणी पट्ट्याच्या आत पाऊल टाकणार नाही. झाडू द्यायचा तर द्या. त्याने वर कॅबिनमधल्या क्रेनवाल्याला हात केला, वाजव.

क्रेनवाल्याने खालून दिसेल असा हात हलवला. आठ जण माना वर करून उभे राहिले. क्लाइव्हने पुन्हा हात केला. नेव्ह हातांचा कर्णा करून ओरडला, "अरे वाजव ना, झोपलास का!" क्रेनवाल्याने दोन्ही हात पसरले. हॅडनही ओरडला. मग आठही जण ओरडायला लागले, वाजव, वाजव म्हणून.

फोरमनने मागून येऊन क्लाइव्हच्या दंडावर बोट टोचलं. क्लाइव्ह वळला. तरुण पोरगा होता, ऑफिसातला, आणि त्याचा चेहरा बघून क्लाइव्हला उत्तर कळलं. तरी त्याच्या ओठांकडे बघत राहिला.

"तो केव्हाचा वाजवतोय," फोरमन म्हणाला.